सहा डिसेंबर, मिकुलाश आणि एक नाकारलेला फोटो



गेल्या महिन्यात नागपूरच्या एका शिबिरात एका पोराने मला गाठले. एम.एस.डब्ल्यू. करतो आहे. म्हणाला, "सर, तुम्ही परदेशात व्हॉलंटिअर होता ना? मलाही जायचं आहे. कसं जायचं?" मी त्याला पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकीट सगळे सांगितले. त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतले आणि तो गेला. परतीच्या पॅसेंजरमध्ये बोरखेडी मागे पडल्यावर माझ्या लक्षात आले की जे सांगायला हवे होते ते राहूनच गेले. ते इथे लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

मी सिंदी (रेल्वे)चा. वर्ध्याला लागून दुसरी एक सिंदी आहे, सिंदी (मेघे), म्हणून आमच्या गावाला स्टेशनची ओळख चिकटली. बाहेरच्या माणसाला आमचे गाव माहीत असते ते तान्ह्या पोळ्यामुळे, नाहीतर अलीकडे ड्रायपोर्टच्या बातम्यांमुळे. माझे वडील सालदार होते. पोळ्याला दुसऱ्याची बैलजोडी सजवायची, तोरणाखाली उभी करायची आणि तोरण तुटले की मालकाच्या गोठ्यात नेऊन बांधायची, हा त्यांचा सण. माय आजही कापूस वेचायला जाते. मी समाजशास्त्रात एम.ए. केले आणि नोकरी शोधता शोधता सामाजिक कार्यकर्ता झालो. विहाराजवळ भाड्याच्या खोलीत अभ्यासिका चालवायची, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, जात वैधतेच्या आणि घरकुलाच्या फाईली घेऊन सेलू-वर्धा फिरायचे, हे माझे काम.

अशा माणसाने हंगेरीला जायचे कारण काय? कारण बाबासाहेबच होते. आपल्यातल्या अनेकांना हे माहीत आहे, पण नव्या मुलांसाठी सांगतो. हंगेरीच्या ईशान्येला बोर्शोद नावाचा परगणा आहे. तिथे शायोकाझा नावाच्या गावात 2007 मध्ये रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू झाली. समाजशास्त्रज्ञ तिबोर देर्दाक आणि स्वतः रोमा असलेले यानोश ओर्शोश या दोघांना बाबासाहेब वाचताना आपल्याच लोकांची गोष्ट वाचतो आहोत असे वाटले. ते महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या, विहारे, वसतिगृहे बघून गेले आणि परत जाऊन त्यांनी 'जय भीम' याच नावाने काम उभे केले. 2016 मध्ये तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा बसला. मी हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता. मी मात्र त्या शाळेत नव्हतो. त्याच परगण्यात रोमा वस्तीतल्या गरीब कुटुंबांसाठी काम करणारी एक छोटी संस्था स्वयंसेवक शोधत होती. चार पगारी माणसे, एक जुनी व्हॅन. राहणे-खाणे त्यांचे, तिकीट आपले. या लेखात पुढे जे येणार आहे त्यामुळे तिचे नाव लिहीत नाही. 2022 चा नोव्हेंबर ते 2023 चा जानेवारी, असे तीन महिने मी तिथे होतो. व्हिसाही नव्वदच दिवसांचा होता.

तिकिटासाठी मायने बचत गटातून कर्ज उचलले. गटातल्या बायांनी तिला विचारले असणारच, कारण त्या रात्री जेवताना तिने मला विचारले, "कायले जातं रे तिकडं? आपल्या वस्तीतली गरिबी सरली काय?" मी तिला बाबासाहेब कोलंबियाला गेले होते वगैरे सांगू लागलो. ती म्हणाली, "ते शिकाले गेल्ते. तू त कपडे वाटाले चाल्ला." मी हसण्यावारी नेले.

आता तिथली परिस्थिती सांगतो, कारण आपल्याकडे युरोप म्हटले की सगळा चकचकीत असतो. गावाच्या टोकाला, शेवटच्या डांबरी रस्त्याच्या पुढे, रोमा वस्ती. मातीच्या विटांची घरे. घरात नळ नाही. रस्त्यावर निळ्या रंगाचा सार्वजनिक पंप, तिथून बादल्यांनी पाणी. थंडी शून्याच्या खाली आणि घर गरम ठेवायला लाकूड. त्या हिवाळ्यात वीज-गॅससोबत लाकडाचेही भाव चढले होते. जंगलातून फांद्या आणल्या तर चोरीचा गुन्हा. एकेकाळी या भागात कोळशाच्या खाणी होत्या, जवळच्या ओझ्द शहरात पोलादाचा मोठा कारखाना होता. 1989 नंतर व्यवस्था बदलली, खाणी-कारखाने बंद पडले, आणि सगळ्यात आधी कुणाला काढले हे मी सांगायची गरज आहे का? त्या बापांची मुले आता 'कोझमुंका'वर जातात. म्हणजे सरकारी रोजगार हमी. फरक एवढाच की आपल्याकडे कायद्याने निदान कामाचा हक्क तरी लिहून दिला आहे, 1977 चा महाराष्ट्राचा आणि तेव्हा लागू असलेला 2005 चा केंद्राचा. तिथे काम कुणाला द्यायचे हे बऱ्याच अंशी गावच्या महापौराच्या हातात. आणि मजुरी किमान वेतनाच्या निम्म्याच्या आसपास. महापौराशी वाकडे घेतले की झाडू गेला. आपल्या ग्रामरोजगार सेवकाची आठवण येईल तुम्हाला.

शाळांचे तर विचारूच नका. रोमा मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घ्यायची, ती गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या मापाने, आणि 'मतिमंद' ठरवून वेगळ्या शाळेत बसवायचे, हा प्रकार अनेक दशके चालला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने याबद्दल 2007 मध्ये चेक प्रजासत्ताकाला आणि 2013 मध्ये हंगेरीला दोषी धरले. ग्योंग्योशपाता नावाच्या गावात तर एकाच शाळेत रोमा मुलांचे वर्ग वेगळे होते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांना भरपाई द्या म्हटले, तर खुद्द पंतप्रधान ओर्बान यांनी त्यावर उघड नाराजी दाखवली. आपल्याकडे शाळेच्या दाराबाहेर बसवत. तिथे आत घेऊन वेगळे बसवले.

पहिल्या आठवड्यात एका आजीच्या घरी लाकूड उतरवायला गेलो होतो. वस्तीतले बहुतेक लोक आता हंगेरियनच बोलतात, पण या आजीला जुनी रोमानी येत होती. मी भारताचा आहे कळल्यावर तिने बोटे मोडत मोजायला सुरुवात केली: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. मग नाकाला हात लावून "नाक", कानाला लावून "कान", बादलीकडे बोट दाखवून "पानी". मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि पुढचे शब्द विचारत राहिलो. सुमारे हजार वर्षांपूर्वी निघालेली माणसे, आणि पाणी अजून पाणीच.

इथे एक सावधानता. रोमा हे 'आपलेच हरवलेले बांधव' असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ निघाले आहेत. 2016 मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरे म्हटले. छान वाटते ऐकायला. पण हजार वर्षांपूर्वी गेलेल्याला लेकरू म्हणायचे आणि वेशीबाहेर आजही राहतो त्याच्या घरचे पाणी चालत नाही, हे गणित मला सुटत नाही. रोमांशी आपले नाते रक्ताचे आहे की नाही हे शास्त्रज्ञ पाहतील. माझे नाते जुळले ते पंपावर, रांगेत.

आता त्या तरुण मित्राला जे सांगायचे राहिले त्यातली पहिली गोष्ट. आमच्यासोबत दुभाषी म्हणून वस्तीतलीच एक सतरा वर्षांची मुलगी होती. इंग्रजी स्वतः शिकलेली, तिकडच्या बारावीची तयारी करत असलेली. एका शनिवारी आम्ही दोघे मिश्कोल्त्स शहरात सामान आणायला गेलो. दुकानात शिरलो तसा सुरक्षा रक्षक आमच्या मागे. आम्ही साबणाकडे, तो साबणाकडे. आम्ही डाळींकडे, तो डाळींकडे. माझा रंग, माझे केस, माझे जाकीट. त्याच्या लेखी मी 'त्सिगान्य' होतो, म्हणजे जिप्सी, आणि हा शब्द तिथे कसा उच्चारतात हे ऐकल्यावर मला आमच्या गावातले काही उच्चार आठवले. आयुष्यभर मला वाटायचे, चेहऱ्यावरून जात कळत नाही हा आपल्याला मिळालेला एकमेव फायदा. सिंदीच्या बाहेर गेलो की लोक आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव, मग "म्हणजे कुठले?" तिथे हे सगळे प्रश्न रक्षकाने दारातच सोडवले होते.

काउंटरवर त्याने पिशवी उघडायला सांगितली. मी खिशातून पासपोर्ट काढला. तो क्षण मी विसरू शकत नाही. अशोकस्तंभ बघताच तो हसला. "इंडिया! योगा!" म्हणाला, माफी मागितल्यासारखा हात छातीशी नेला आणि मला जा म्हणाला. मला सुटल्यासारखे वाटले. खरेच वाटले, खोटे कशाला बोलू. मी दाराबाहेर पोचलो आणि वळून बघितले, तर तिची पिशवी काउंटरवर उलटी केली होती. आमच्या दोघांच्या पिशव्यांत सारखेच सामान होते.

बसमध्ये ती काही बोलली नाही. मीही नाही. पुण्यात खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगणाऱ्या मित्रांवर मी इथे याच ब्लॉगवर तावातावाने लिहिले आहे. त्या लेखातला एकही शब्द मागे घेत नाही. पण तो लिहिणाऱ्याने संधी मिळताच काय केले, हेही तुम्हाला माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट सहा डिसेंबरची.

आपल्यासाठी सहा डिसेंबर म्हणजे महापरिनिर्वाण दिन. हंगेरीत त्याच दिवशी 'मिकुलाश' असतो, संत निकोलसचा दिवस. मुले आदल्या रात्री बूट घासून खिडकीत ठेवतात आणि सकाळी त्यात चॉकलेट, संत्री, शेंगदाणे निघतात. ज्यांच्या घरी बूटच धड नाहीत त्यांच्याकडे संस्था जाते. आम्ही आदल्या दिवशी दीडशेच्या आसपास पाकिटे भरली होती. माझ्यासोबतचे दोन स्वयंसेवक, एक जर्मन आणि एक डच, विशी-एकोणिशीतली पोरे, शाळा आणि कॉलेजच्या मधले वर्ष 'काहीतरी चांगले करायला' आलेली. चांगली पोरे होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पहाटे मी मोबाईलवरचा बाबासाहेबांचा फोटो खिडकीत ठेवून मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील घेतले आणि व्हॅनमध्ये बसलो.

संस्थेच्या बाईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला. प्रत्येक पाकिटामागे एक फोटो, मूल आणि घर दोन्ही दिसायला हवे, देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो. आणि म्हणाल्या, "तू त्यांच्यासारखा दिसतोस, तुझ्यासमोर ती मोकळी होतील." मला हे कौतुक वाटले! एम.ए. समाजशास्त्र, आणि मला हे कौतुक वाटले.

पंधरा-वीस घरे झाली. मग एका घरात सहा वर्षांचा मुलगा, लाल स्वेटर, ओले करून विंचरलेले केस. आई त्याला आतल्या खोलीत उभे करू लागली. मी म्हणालो, नको, इथे बाहेर, या भिंतीजवळ. बाहेरच्या भिंतीचा गिलावा पडला होता, आत माती दिसत होती. फोटो 'चांगला' आला असता. दुभाषी मुलीने सांगितले. आईने विचारले, "आतली भिंत मी परवाच रंगवली. तिथे का नाही?"

माझ्याकडे उत्तर होते, पण ते तोंडाने सांगण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, उजेड कमी आहे. तिने दिवा लावला. मी तरी बाहेरच म्हणालो. ती म्हणाली, मग फोटो नको. मी व्हॅनकडे बघितले. बाईंनी खांदे उडवले. नियम नियम आहे, यादीत टिक कशी करणार? आणि मित्रांनो, मी त्या मुलाच्या हातातले पाकीट परत घेतले. त्याने ते सोडले नाही, म्हणजे मला थोडे ओढावे लागले. सहा डिसेंबरला.

संध्याकाळी मी एकटा ते पाकीट घेऊन गेलो. आईने दार उघडले, मुलाकडे बोट दाखवले, माझ्याकडे बघितले नाही. पुढचे दोन महिने पंपावर भेटली तरी बघितले नाही. या प्रसंगाचा गोड शेवट नाही.

रात्री झोप आली नाही आणि जे आठवायला नको होते तेच आठवले. मी तिसरीत होतो. आमच्या वस्तीत एका संस्थेची गाडी आली होती. दप्तर आणि वह्या मिळणार म्हणून मायने मला दिवाळीचा, म्हणजे मालकिणीने दिवाळीला दिलेला, सदरा घालून, तेल लावून पाठवले. फोटो काढणाऱ्याने मला बघितले आणि म्हणाला, "याला दुसरा काही घाला." मी घरी गेलो. माय म्हणाली, कायले? मी म्हणालो, तेच म्हणतात. तिने खांद्याला फाटलेला सदरा काढून दिला. काही बोलली नाही. दप्तर चांगले होते, सहावीपर्यंत टिकले. त्या फोटोखाली काय छापले असेल, तो कुठल्या देशात, कुणाच्या घरात गेला असेल, मला माहीत नाही. कुठेतरी मी अजून फाटक्या सदऱ्यात उभा आहे.

आता थोडा युक्तिवाद, कारण हा ब्लॉग नुसते मन मोकळे करायला नाही.

पुणे करारानंतर 1932 मध्ये अस्पृश्यताविरोधी लीग निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अमृतलाल ठक्कर. बाबासाहेब तेव्हा तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले होते. बोटीवरून, पोर्ट सैदहून, 14 नोव्हेंबर 1932 या तारखेचे एक लांब पत्र त्यांनी ठक्करांना लिहिले. प्रत्येक सामाजिक कार्यकर्त्याने ते वाचले पाहिजे. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य केसवर्क शिकवतात, हे पत्र माझ्या ओळखीच्या एकाही विद्यार्थ्याला शिकवलेले नाही. माझ्या शब्दांत सांगायचे तर त्यातला मुद्दा असा: समाजकार्याचे दोन मार्ग आहेत. एक असे मानतो की माणूस गरीब आहे तो त्याच्यातल्या काही उणिवेमुळे, म्हणून त्याला दारू सोडायला शिकवा, व्यायामशाळा द्या, ग्रंथालय द्या. दुसरा असे मानतो की त्याच्या भोवतीची परिस्थिती त्याला दाबते, म्हणून परिस्थितीशी भिडा. बाबासाहेबांनी लीगला दुसरा मार्ग सुचवला: खेड्याखेड्यात नागरी हक्कांची मोहीम, म्हणजे विहिरी, शाळा, चावडी, नोकरी-धंद्यात समान संधी, आणि माणसामाणसांत प्रत्यक्ष येणे-जाणे. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्या, असेही लिहिले. त्या पत्राला उत्तर आले नाही. पुढे संघाच्या मंडळांवर अस्पृश्यांना का घेत नाही, तर हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, देणे फेडणे आहे, असे उत्तर मिळाले. म्हणजे प्रायश्चित्त तुमचे आणि त्यासाठी हात पसरून उभे राहायचे आम्ही! सिंदीहून गाडीत बसले की तासाभराच्या आत सेवाग्राम स्टेशन येते. 'सेवा' या शब्दाच्या छायेत वाढलेल्या जिल्ह्यातला मी. मला हे सगळे पाठ होते. भाषणात टाळ्या घ्यायचो यावर. आणि बोर्शोदच्या त्या भिंतीपाशी मी बिर्ला-ठक्करांच्या बाजूला उभा होतो, कॅमेरा घेऊन.

बाबासाहेबांनी म्हटले होते की कार्यकर्ते त्यांच्यातूनच घ्या. मला वाटायचे, 'त्यांच्यातला' असणे पुरेसे आहे. ते पुरेसे नाही. संस्थेच्या बाईंनी मला 'त्यांच्यासारखा' म्हणूनच वापरले आणि मी वापरू दिले. आपल्यातले कितीतरी शिकलेले असेच 'आपल्यासारखे' म्हणून वापरले जातात, पक्षांत, एनजीओंत, आयोगांवर. दिसणे आपले आणि यादी त्यांची.

जानेवारीत एका संध्याकाळी ती दुभाषी मुलगी म्हणाली, तुझ्या आंबेडकरांबद्दल सांग. तिच्या मोठ्या भावाला 'जय भीम' हा शब्द माहीत होता, तिला पुढचे हवे होते. मी महाड सांगितले. 20 मार्च 1927, चवदार तळे. तिने लगेच ओझ्दची गोष्ट काढली. 2013 च्या ऑगस्टमध्ये, कडक उन्हाळ्यात, तिथल्या नगरपालिकेने रोमा वस्तीतले सार्वजनिक पंप बंद केले, काहींची धार कमी केली. कारण काय, तर पाणी वाया जाते. देशभर ओरड झाली तेव्हा काही पंप पुन्हा सुरू झाले. तिची मावशी तिथे राहते, बादल्या घेऊन दूर जायची. ती म्हणाली, "तुमच्या तळ्याचं पाणी मग लगेच मिळालं?"

मी सांगितले, नाही. लोकांवर हल्ला झाला. तळे बाटले म्हणून त्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून शुद्ध केले. मग कोर्ट. मुंबई हायकोर्टाचा निकाल 1937 च्या मार्चमध्ये लागला. ती बोटांवर मोजत होती. "दहा वर्षं," म्हणाली. मग म्हणाली, "आणि तुला अजून लाकूड वाटायला इतक्या लांब यावं लागतं." यात टोमणा होता की सहानुभूती, मला हंगेरियन माणसाचा आवाज तेवढा वाचता येत नाही. शेवटी तिने विचारले की संस्थेच्या मीटिंगमध्ये वस्तीतले कुणी का बसत नाही. मी म्हणालो, बाईंना विचार. ती म्हणाली, "मी विचारलं तर मला दुभाषीचं काम मिळणार नाही. तू विचार, तू जाणारच आहेस."

मी विचारले. निघायच्या आठ दिवस आधी, सगळ्यांसमोर, फोटोंचा विषयही काढला. बाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम लिहितो. त्या रडल्या. म्हणाल्या, फोटो नाही दिले तर पैसे येत नाहीत, पैसे आले नाहीत तर फेब्रुवारीत लाकूड येणार नाही, मग वस्तीत जाऊन तू सांगशील का? मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आजही पूर्ण सुचलेले नाही.

परत आलो. मायने भाकर वाढता वाढता विचारले, "मंग, त्याईची गरिबी सरली काय?"

पण खरी परीक्षा सिंदीत होती. आपल्याकडे सहा डिसेंबरला आणि चौदा एप्रिलला हार-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही एक पेन' आणण्याचे आवाहन होते. उत्तम उपक्रम आहे. आमचा गटही वह्या गोळा करतो आणि वस्तीतल्या मुलांना देतो. मी आमचे फेसबुक पान उघडले आणि मागे मागे गेलो. सात वर्षांचे फोटो. मुले ओळीत उभी, हातात वही, मागे आम्ही कार्यकर्ते, बॅनरवर आमची नावे. एका फोटोत एका मुलीने वही तोंडासमोर धरली आहे आणि बाजूला उभा असलेला मी हाताने ती खाली करतो आहे. फोटो मीच टाकला होता. खाली 214 लाईक.

मी गटाच्या बैठकीत म्हणालो, घेणाऱ्या मुलांचे फोटो बंद. जोरदार वाद झाला. एक मित्र म्हणाला, "तू हंगेरीला जाऊन गोरा झालास. आपली मुलं, आपण देतो, आपलेच फोटो. यात दान कुठलं आलं?" त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. दुसरा म्हणाला, पुण्या-मुंबईचे आपले नोकरदार फोटो बघूनच पैसे पाठवतात. हेही खरे. तरी फोटो बंद झाले, आणि त्या वर्षी वर्गणी निम्म्याहून खाली आली. अभ्यासिकेचे दोन महिन्यांचे भाडे थकले. पहिला मित्र गट सोडून गेला. तो चांगला कार्यकर्ता होता, अजूनही आहे; विहारात भेटतो, जयभीम घालतो, बोलत नाही. त्याचे बरोबर असेल का, असा विचार मी महिन्यातून एकदा तरी करतो.

मग आम्ही दुसरी वाट धरली. 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षेनंतर बाबासाहेबांनी प्रत्येकाला कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले होते. आम्ही एक साधी वही केली. ज्यांची मुले अभ्यासिकेत येतात त्यांच्यासकट सगळ्यांनी, ज्याला जमेल तेवढे, दर पौर्णिमेला. रक्कम मोठ्याने वाचायची नाही. हिशेब मात्र भिंतीवर लावायचा, भाडे किती, वीज किती, पुस्तके किती. आणि खर्च कुठे करायचा हे ठरवायला पालक बसतात. पहिल्याच बैठकीत एका आईने विचारले की मुलींसाठी संध्याकाळची वेळ आठपर्यंतच का. आम्ही चार वर्षे अभ्यासिका चालवत होतो, हे आम्हाला कुणी विचारले नव्हते, कारण आम्ही कुणाला विचारू दिले नव्हते. आता दोन बाप आळीपाळीने मुलींना घरापर्यंत सोडतात आणि वेळ दहापर्यंत झाली.

पैसे पुरतात का? नाही. कापसाच्या दिवसांत बरे येतात, उन्हाळ्यात वही कोरी राहते. भाड्याचा एक भाग अजूनही माझ्या मानधनातून जातो आणि मायच्या बचत गटाचे हप्ते गेल्या दिवाळीला फिटले.

तेव्हा मित्रा, तुला जायचे असेल तर जरूर जा. विम्याचे कागद दोन प्रतीत ठेव, थंडीचे बूट इथून घेऊ नकोस, तिथे सेकंडहँड स्वस्त मिळतात. संस्थेला अर्ज करण्याआधी एक मेल टाक आणि विचार की तिच्या कार्यकारिणीत वस्तीतली माणसे किती आहेत. उत्तर काय येते ते मला कळव.

त्या मुलीचा मागच्या जूनमध्ये मेसेज आला. परीक्षा पास झाली आहे. मिश्कोल्त्समध्ये समाजकार्य शिकायला अर्ज केला आहे. तिला पोर्ट सैदच्या पत्राचे इंग्रजी हवे होते, ते पाठवले. तिने वाचून फक्त एक प्रश्न पाठवला: "उत्तर खरंच आलं नाही?"